मामांच्या जुन्या संगणकात एसएसडी: पावसाळा-दिवाळी ओलांडल्यानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात कराडला मामांच्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क काढून तिथे क्रूशल बीएक्स५०० ही ४८० जीबीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवली, रॅम ४ जीबीची ८ केली आणि विंडोज १० नव्याने टाकलं. नवी वस्तू सुरुवातीला सगळ्यांनाच आवडते, म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आता पावसाळा गेला, दिवाळी गेली, वाचनालयाची वार्षिक सभाही त्याच संगणकावर पार पडली.

यंत्र साधं आहे: चौथ्या पिढीचा इंटेल आय३, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ५०० जीबीची फिरती डिस्क. मामा निवृत्त शिक्षक. सार्वजनिक वाचनालयाची इतिवृत्तं आणि जमाखर्च तेच टाइप करतात. शिवाय सातबारा काढणं, वीजबिल भरणं, आणि रविवारी मामींचा नातीशी व्हिडिओ कॉल. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत आठ-दहा मिनिटं जायची, आणि कॉल सुरू असताना दुसरं काही उघडलं की सगळं हँग. दुकानात एकदा फॉरमॅट मारून झालं होतं. चार महिन्यांत पुन्हा तेच. "नवीनच घेऊ का रे?" असं मामांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी त्यांना फक्त कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला लावलं आणि टास्क मॅनेजरमधले, म्हणजे कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणाऱ्या खिडकीतले, आकडे वाचून घेतले. प्रोसेसर १२ टक्के, डिस्क १०० टक्के.

हे दोन आकडे बघितल्याशिवाय कुणीही एक रुपया खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्क कामात बुडालीय, म्हणजे यंत्र म्हातारं झालेलं नाही, ते फक्त वाट बघतंय. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारा काटा प्रत्येक वेळी योग्य जागी सरकवावा लागतो आणि त्याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान-लहान फाइली वाचते, त्यामुळे सेकंदाला शंभर-दीडशे वाचनांवर गाडी अडते. एसएसडीत सरकणारं काही नाही; तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतं. मामांना मी सांगितलं, तुमच्या वाचनालयात एकच शिपाई प्रत्येक पुस्तकासाठी जिना चढून-उतरून येतोय असं समजा. ते लगेच म्हणाले, "मग कपाटं खाली आणायची." खोक्यावर छापलेला ५४० एमबी प्रतिसेकंद हा वेग मोठ्या फाइलींचा असतो. घरगुती वापरात फरक पडतो तो या लहान वाचनांमुळे.

डिस्क काढण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कचं आरोग्य दाखवणाऱ्या प्रोग्रामने तपासली तर पिवळा इशारा होता, काही सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे) वाचताच येत नव्हते. त्यामुळे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर क्लोन करण्याचा विचार सोडून दिला आणि आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढली. तुमच्याकडे असा इशारा दिसला तर त्याच दिवशी फाइली काढा, वेग वगैरे नंतर बघू.

मराठी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. मामांची जुनी इतिवृत्तं युनिकोडच्या (कुठल्याही यंत्रावर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, काही शिवाजीत, काही कृतिदेवात. विंडोज नव्याने टाकलं की हे फॉन्ट जातात आणि वर्षानुवर्षांचं लिखाण इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं दिसू लागतं. फाइल शाबूत असते, पण घरच्या माणसाला वाटतं सगळं गेलं. म्हणून आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतले. नव्या लिखाणासाठी विंडोजमध्येच असलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू करून दिला. तो २०१९च्या मे अपडेटपासून विंडोज १०मध्ये आहे, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. मामांना तो दोन आठवड्यांत जमला. आताची सगळी इतिवृत्तं युनिकोडमध्ये आहेत आणि सभासदांच्या मोबाइलवरही नीट दिसतात. मला स्वतःला वेगापेक्षा याचा आनंद जास्त आहे.

जोडणी अवघड नाही. एच८१वर डिस्क जोडायच्या चार साटा पोर्टपैकी दोनच ६ गिगाबिटचे, म्हणजे जास्त वेगाचे, असतात, एसएसडी त्यातल्याच एकात लावायची आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डिस्कसाठीची एएचसीआय पद्धत चालू आहे ना ते बघायचं. सीपीयू उघडलाच होता म्हणून पंख्यावरची धूळ काढली आणि घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. हा सेल संपला की तारीख मागे जाते आणि बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडतच नाही. मामांना हा त्रास अधूनमधून व्हायचा. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय झाला.

त्याआधी डेस्कटॉपचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. मामांच्या रोजच्या फाइली पडद्यावर डावीकडे वरून खाली एका क्रमाने असतात आणि नावापेक्षा त्यांना जागा लक्षात असते. नवीन विंडोजवर त्या तिथेच मांडल्या. वर्षभरात न उघडलेलं बाकीचं सगळं 'जुनं सामान' नावाच्या एका फोल्डरमध्ये गेलं, पुसलं काहीच नाही. दुसऱ्याचा संगणक आवरताना पुसायचा अधिकार आपला नसतो.

परत टाकलं नाही ते असं: दोन अँटीव्हायरस, जे एकमेकांच्या फाइली तपासत बसायचे, संगणक 'साफ' करून देणारी दोन सॉफ्टवेअरं, ब्राउझरचे कुणी टाकले माहीत नसलेले टूलबार. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर या घराला पुरतो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणाऱ्या प्रोग्रामांच्या नादी तर अजिबात लागू नका, वेग वाढत नाहीच आणि बिघडण्याची शक्यता असते.

आता काही महिन्यांनंतरचा हिशेब. सुरू होऊन ब्राउझर उघडायला एसएसडी बसवली तेव्हा पाऊण मिनिट लागत होतं, आजही तेवढंच लागतं. एसएसडीचं आरोग्य ९९ टक्के दाखवतंय. कंपनीने सांगितलेली लेखनमर्यादा (एसएसडीवर एकूण किती लिहिता येईल ती) १२० टीबी आहे आणि आतापर्यंत दोन टीबीच्या आसपास लिहून झालंय, म्हणजे झिजण्याची काळजी या घरात नकोच. वीज जाणं-येणं पावसाळ्यात भरपूर झालं. यूपीएस होता, काही बिघडलं नाही. उणीव एकच जाणवली: या एसएसडीत वेगाने लिहून घेणारी तात्पुरती जागा मर्यादित आहे, त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ एकदम कॉपी करताना थोड्या वेळाने वेग धप्पकन खाली येतो. रोजच्या कामात ते कळतही नाही. वाढवलेल्या रॅमचा उपयोग व्हिडिओ कॉलच्या वेळी दिसतो, एरवी फारसा नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी घ्या.

काही गोष्टी परत आल्या. गणपतीच्या सुमारास उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असे इशारे यायला लागले. तो व्हायरस नव्हता, कुठल्याशा साइटला 'अलाउ' दाबून दिलेली सूचनांची परवानगी होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचना पूर्ण बंद केल्या, तेव्हापासून शांतता आहे. मामा रोज वापरतात ते खातं साधं ठेवलंय, नवीन सॉफ्टवेअर टाकायला दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लागतो. तो पासवर्ड मामांच्याच डायरीत लिहून दिलाय. संगणक त्यांचा आहे. मध्ये फक्त थांबून विचार करण्याएवढी एक पायरी हवी होती.

एसएसडी जाते तेव्हा बहुधा आवाज न करता अचानक जाते, म्हणून दर रविवारी कॉल झाल्यावर मामी बाहेरची डिस्क लावतात आणि विंडोजची फाइल हिस्ट्री फाइलींच्या प्रती त्यावर ठेवते. खराब सेक्टरची जुनी डिस्क मी बॅकअपला वापरलेली नाही, तुम्हीही वापरू नका.

राहिला विंडोज १०चा प्रश्न. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ते इथे नाही. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलीय, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत चालेल. दरम्यान विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघितली: प्रिंटर चालला, मराठी टाइप झालं, जुने फॉन्ट टाकल्यावर लिब्रेऑफिसमध्ये इतिवृत्तंही वाचता आली, काही ठिकाणी ओळी सरकल्या एवढंच. मामांना ती आवडलीय, पण मार्चअखेरचा जमाखर्च पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलंय. एप्रिलमध्ये टाकू.