थुंकीवरून मूळ शोधताना: डीएनए किटचा आठ महिन्यांचा अनुभव

किट चतुर्थीच्या आधी मागवलं, रिपोर्ट दिवाळीत आला, आता शिगमोही होऊन गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

नमुना देणं सोपं. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, नळीवरच्या खुणेपर्यंत थुंकी भरायची, फेस धरायचा नाही. सकाळी चहाआधी बसले तर तोंडाला कोरड. शेवटी आंबट बिंबलांची आठवण काढली तेव्हा कुठे नळी भरली. आई दारातून बघत होती.

पहिला रिपोर्ट नकाशासकट आला. बहुतेक रंग भारतावर आणि मध्य आशियावर ६ टक्क्यांचा एक ठिपका. आमच्या गौड सारस्वत घरात 'आपण मूळचे सरस्वतीकाठचे' हे पाळण्यापासून ऐकवतात, त्यामुळे भाऊ खूश. जानेवारीत कंपनीनं 'सुधारित निकाल' पाठवला आणि ठिपका गायब! थुंकी तीच, पूर्वज तेच. तक्रार केली तर साच्यातलं उत्तर आलं, धड खुलासा नाही.

खुलासा मग मीच वाचून काढला. जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएत, सुमारे ३०० कोटी अक्षरं, त्यातल्या सहा-सात लाख जागाच हे तपासतात आणि आजच्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघतात. तो संग्रह बदलला की टक्के बदलतात. म्हणजे 'तू कुठून आलीस' हे किट सांगतच नाही. तुझा डीएनए आजच्या कोणासारखा आहे, एवढंच सांगतं. जाहिरातीत मात्र पहिलंच लिहिलेलं असतं.

मातृवंश हा भाग मला खरा वाटला. माझा 'एम' नावाचा गट निघाला. आईकडून मुलांकडे जाणारा हा धागा भारतात निम्म्याहून जास्त लोकांत सापडतो, आणि त्याचं वय पन्नास हजार वर्षांच्या घरात आहे. पितृवंश माझ्या नमुन्यात येणारच नाही, बायकांना वाय गुणसूत्र नसतं. हे किट विकताना कोणी सांगितलं नाही. भावासाठी दुसरं घ्यावं लागलं. त्याचा पितृवंश 'एल' आला, त्याला हवा होता तो मध्य आशियाकडचा नव्हे, आणि तो दोन दिवस गप्प होता. त्याला म्हटलं, अरे, दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज, त्यातल्या एकाच पुरुषाचा हा धागा. उरलेले १०२३ कुठले, ते यात नाही.

जुन्या माणसांचा डीएनए मिळाला तर बोलणं वेगळं. हरियाणातल्या राखीगढीत, सिंधू संस्कृतीच्या जुन्या शहरात, साठाहून जास्त नमुने तपासले, पण डीएनए एकाच बाईचा निघाला. हा अभ्यास २०१९ सालचा. तिच्यात स्टेपकडच्या, म्हणजे मध्य आशिया-युरोपातल्या गवताळ माळांवरच्या, पशुपालकांचा अंश नव्हता, तो त्यानंतर इकडे आला. पुढे इथल्या गटांत मोठी सरमिसळ झाली, आणि ती साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीची, असा २०१३ सालच्या एका अभ्यासाचा हिशेब आहे. त्यानंतर मात्र जो तो आपापल्यातच लग्नं करत राहिला.

गोव्यात तेवढंही हाती लागणं कठीण, आमच्या जांभ्या मातीत हाडं विरून जातात. जानेवारीत, ठिपका गेल्यावर, आम्ही उसगाळीमळला दगडात कोरलेली जुनी चित्रं बघायला गेलो. कुशावतीच्या काठचा जांभ्याचा सडा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. १९९३ साली ही चित्रं अभ्यासकांपुढे आली. बैल आहेत, हरणं आहेत, आणि एक गोल चक्रव्यूह आहे. त्याच्या खाचेतून मी बोट फिरवलं, तर कडा इतक्या गुळगुळीत की दगड आहे असं वाटेना. कोरणारे कोण, हे माझ्या ॲपमध्ये नाही.

नातेवाइकांची यादी मात्र पैसा वसूल. सासष्टीतली एक ख्रिस्ती बाई 'दूरची चुलत बहीण' म्हणून आली. दोघींचा डीएनए जुळतो तो तुकडा लहान, आणि आपल्यातच लग्नं करणाऱ्या समाजात नातं आहे त्यापेक्षा जवळचं दिसतं, म्हणून अंतर नक्की सांगता येत नाही. पण नवल नाही. २०२१ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी गोव्याचे कॅथलिक गौड सारस्वतांच्या जवळचे असल्याचं दाखवलंच होतं. तिला लिहिलं, आमची शांतादुर्गा सोळाव्या शतकात सासष्टीतल्या केळशीहून फोंड्याजवळच्या कवळ्याला आणली. तिचं उत्तर आलं, 'आमचें घर केळशेंच.' रिपोर्टचे सगळे टक्के वाचून जे कळलं नव्हतं, ते या तीन शब्दांत.

घ्यायचंच असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा नमुना आधी द्या. आपल्यापर्यंत न पोचलेले तुकडे त्यांच्याकडे असतात. आणि 'संशोधनासाठी माहिती वापरू द्या' ही खूण आधीच लावलेली असली तर ती काढा. मला चार महिन्यांनी दिसली.

आईसाठी तिसरं किट आणलंय. 'कितें म्हणटा तुजी थुंकी?' असं विचारून ती हसते, पण नळी हातात घेत नाही. म्हणाली, देवळात कौल घेऊया. घेतला. पाकळी डावी पडली. किट फ्रिजवर आहे, मुदत ऑगस्टपर्यंत.