कंदील की चार्जिंगचा दिवा?

वळवाच्या वादळाने तार तुटली की जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यात वीज कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा हाताशी काय असावं?

घरात माझं मत ठाम आहे: चार्जिंगचा एलईडी दिवा. कंदील खोलीतला प्राणवायू खातो, आणि खिडक्या बंद असतील तर कार्बन मोनॉक्साइडही साचतो. त्यात आपला उन्हाळा! रॉकेलची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपास सुरू होतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. म्हणजे पत्र्याच्या खोलीतलं कॅनमधलं रॉकेल आधीच धोक्याच्या पातळीवर असतं. पेटत्या किंवा गरम कंदिलात रॉकेल ओतू नका, हे म्हणूनच कळकळीने सांगतो. लेकरं असलेल्या घरात तर प्रश्नच नको.

चार्जिंगच्या दिव्याचं दुखणं एकच, ऐनवेळी तो रिकामा निघतो. महिन्यातून एकदा तपासा, आणि उन्हात तापलेल्या खिडकीत ठेवू नका. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

तोरणमाळला हिवाळ्यात मुक्काम असेल तर मात्र कंदिलाची बाजू उजवी. वाऱ्यात टिकतो, रॉकेल असेल तोवर अनेक रात्री जळतो, चार्जिंग शोधावं लागत नाही. वात सरळ कापलेली असेल तर काच काळी होत नाही. पण तंबूत नेऊ नका, आणि सातपुड्यात सागाचा पाचोळा वाळला की कंदील घरीच ठेवा.