दिवाळी ते मे: कोकणातल्या बीच रिसॉर्ट्समध्ये राहून काय कळलं

नवऱ्याची बदली रायगडातल्या माणगावला झाली आणि आमचं घर सगळ्या नातेवाइकांच्या कोकण ट्रिपचं हेड ऑफिस झालं. दिवाळीपासून मेपर्यंत कोणी ना कोणी येतच होतं, पुण्याची नणंद मुलांना घेऊन ताम्हिणीतून, नागपूरची आत्या रेल्वेने, नवऱ्याचे मित्र बाइकवर, आणि सगळ्यांचं पालुपद एकच, तुम्ही जवळच राहता ना, मग छानसं बीच रिसॉर्ट बघून ठेवा. त्यामुळे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर इथे बऱ्याचदा राहणं झालं, काशीद-मुरुड झालं, दापोलीकडचं कर्दे झालं आणि गुहागरही. कुठल्या एका रिसॉर्टचा हा रिव्ह्यू नाही, नावंही घेणार नाही, पण इतक्या ठिकाणी बॅगा उघडल्या-भरल्यावर माणसं काय बघून बुक करतात आणि राहायला लागल्यावर त्यांना खरं काय लागतं हे चांगलंच कळलंय, ते सांगते.

फोनवर प्रत्येकाची यादी सारखीच. स्विमिंग पूल आहे का, सी व्ह्यू आहे का, एसी आहे का, आणि फोटो पाठव. नळाला पाणी कसलं येतं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. परत जाताना गाडीत मात्र बोलणं सगळं पाणी, जेवण, झोप आणि तिथला माणूस कसा होता यावरच चालतं, सी व्ह्यूचं कोणी नावही काढत नाही.

पूलबद्दल आधी सांगते कारण त्यावरून आमच्याकडे वाद झालेत. समुद्रावर जाऊन पूल कशाला असं माझं म्हणणं, पण भाचेमंडळी नाश्ता झाला की जी पाण्यात उतरतात ती दुपारी ओढून बाहेर काढेपर्यंत, आणि समुद्र पाच मिनिटांवर असून संध्याकाळी "अरे आता तरी चला" म्हणून ओरडावं लागतं. मार्चनंतर मात्र दुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही, त्या वेळात मुलांचं करायचं काय हा प्रश्न पूलच सोडवतो, हे मान्य. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर पुलासाठी हजार-दीड हजार जास्त देऊ नका, पाणी एवढं गार असतं की मोठी माणसं पाय बुडवून परत फिरतात. लहान मुलांचा पूल वेगळा आहे का हे नक्की विचारा, कारण साडेचार फुटांचा एकच पूल असला की पाच वर्षांच्या पोरामागे घरातलं एक माणूस दिवसभर अडकतं, आमच्यात ते माणूस मी होते. आणि नायलॉनचे कपडे घरूनच न्या, तिथे भाड्याने मिळणाऱ्या चड्ड्या बघवत नाहीत.

सी व्ह्यूचं काय होतं तर पहिल्या दिवशी बाल्कनीत सगळ्यांचे फोटो निघतात, दुसऱ्या दिवसापासून तिथे ओले टॉवेल वाळत असतात. दिवेआगरसारख्या गावात तर खोलीतून समुद्र दिसणं तसंही अवघडच, कारण आधी घरं, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, मग सुरूची झाडं आणि त्याच्यापलीकडे किनारा. पण वाडीतून पायवाटेने चालत जाऊन एकदम समोर समुद्र उघडतो ना, त्याची मजा खिडकीतून बघण्यात नाही. शिवाय सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांनी ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे एकदम नवी कोरी स्लॅबची बिल्डिंग आणि पायरीशी लाटा असा फोटो दिसला तर मी तरी अॅडव्हान्स पाठवायच्या आधी दोनदा विचार करते. जागेचंच बोलायचं तर एमटीडीसीवाल्यांनी, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाने, गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली इथे मोक्याच्या जागा फार आधीच धरून ठेवल्यात, तेवढं समुद्राजवळचं हवंच असेल तर आधी तिथे बघावं.

फोटोंवरून आठवलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, नवीन लावलेली झाडं अजून वाढतायत. साइटवर मात्र काही जणांचे फोटो अजूनही त्याच्या आधीचे असतात, भर दुपारी काळोख वाटावा अशी गर्द वाडी. आत्याने तो फोटो बघून हॅमॉकसाठी पुस्तकं आणली होती आणि प्रत्यक्षात हॅमॉकवर बारा वाजता रणरणतं ऊन. मालकाचा दोष नाही म्हणा, त्याचंही नुकसानच झालं, पण फोटो तरी बदलावेत की. आता मी गेल्या दोन-तीन महिन्यांतले पाहुण्यांनी टाकलेले फोटोच बघते, त्यातही बाथरूमचे.

आता जे कुठल्याच बुकिंग साइटवर नसतं आणि ज्याच्यावर अख्खी ट्रिप ठरते ते, म्हणजे भरती-ओहोटी. लोक शनिवार-रविवार बघतात, लाँग वीकेंड बघतात, तिथी कोणी बघत नाही. इकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. घड्याळाशी अगदी जुळत नाही, अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं, पण प्लॅन करायला पुरतं. याचा फायदा असा की पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा वीकेंड धरला तर नेमकी संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी असते, त्यात उधाणाचे दिवस, म्हणजे भरती जितकी मोठी तितकीच ओहोटीही, पाणी लांब मागे हटतं आणि समोर ओल्या टणक वाळूचं मैदान, क्रिकेट खेळा, सायकल चालवा, सासूबाईंसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसालाही आरामात चालता येतं. अष्टमीच्या वीकेंडला त्याच किनाऱ्यावर संध्याकाळी वरची मऊ वाळू तेवढी उरते, पाय रुतत चालायचं, आणि लोक रिव्ह्यूत लिहितात की बीच छोटा आहे. अहो बीच तोच आहे.

हे फक्त मजेपुरतंही नाही. उधाणाच्या दिवसांत दुपारची भरती जोरदार असते आणि पुण्या-मुंबईहून पहाटे निघालेली मंडळी नेमकी तेव्हाच पोचतात आणि कपडे न बदलता पाण्यात धावतात. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांवर लाटा येतात, तिथे माणसं वाहून गेलीयत, ती वाट ओहोटीलाच करायची. गणपतीपुळ्याला आणि काशीदलाही पाणी दिसतं तितकं साधं नाही. इतक्या रिसॉर्ट्समध्ये राहिलो पण चेक इनला "आज भरती अमुक वाजता, तमुक बाजूला जाऊ नका" असं आपणहून सांगणारी जागा एकच भेटली, श्रीवर्धनची, रिसेप्शनच्या पाटीवर खडूने रोजची वेळ लिहिलेली. खोल्या साध्याच होत्या, मी त्यांना पाच स्टार दिले.

पाणी. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही, केसांचं तर विचारूच नका. समुद्रावरून आल्यावर अंगावरची वाळू आणि मीठ काढायला हेच पाणी. म्हणून मी फोनवर विचारते की आंघोळीचं पाणी विहिरीचं की बोअरचं आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकर लागतो का. समोरचा गडबडतो, पण उत्तर देण्याच्या पद्धतीवरूनच कळतं. गरम पाणी सोलरचं असेल तर सकाळी पहिल्या तीन खोल्यांचं झालं की संपलं, गीझर आहे का विचारा. आणि बाहेर पाय धुवायला नळ हवाच हवा. एका महागड्या ठिकाणी तो नव्हता, सगळे वाळूचे पाय घेऊन लॉबीतून गेले आणि मग हाउसकीपिंगवाल्या ताई बिचाऱ्या दिवसभर झाडू घेऊन आमच्या मागे.

जेवणाचं असं आहे की जिथे मेनूकार्ड जाड तिथे जेवण बेताचं, हे मला तरी प्रत्येक वेळी खरं ठरलंय. पनीर, मंचुरियन, पास्ता सगळं मिळतं आणि सगळ्याची चव सारखी. उलट दिवेआगरला ज्या घरगुती ठिकाणी आम्ही परत परत गेलो तिथल्या काकू सकाळी नाश्त्याला आंबोळी वाढतानाच विचारतात, रात्री किती ताटं, मासे खाणारे किती, कारण काका त्याप्रमाणे जवळच्या भरडखोल या कोळ्यांच्या गावाला जाऊन बोटीवरचं आणणार. नसेल चांगली सुरमई तर नाही म्हणून सांगतात, बांगडा आणतात. तो बांगडा रव्यात नाही, नुसत्या तांदळाच्या पिठात घोळवलेला, कडा चुरचुरीत आणि काट्यापासून मांस अल्लद सुटणारं, सोबत तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधाची खरी सोलकढी, गुलाबी रंग घातलेलं पाणी नव्हे. चतुर्थी असली की मासे बंद आणि उकडीचे मोदक, त्यासाठी मात्र आदल्या दिवशी सांगावं लागतं, गावातल्या देवळात सुवर्ण गणेशाच्या दर्शनाची गर्दी असल्याने काकूंना फुरसत नसते. गैरसोय एकच, जेवण साडेआठला म्हणजे साडेआठला. नवऱ्याचे मित्र साडेदहाला उगवले आणि गार आमटी जेवले, वर रिव्ह्यूत सर्व्हिस स्लो लिहून आले.

जाता जाता, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्यामुळे जुलैत एखादं रिसॉर्ट ताजी सुरमई, ताजं पापलेट म्हणत असेल तर ते फ्रीझरमधलं ताजं.

झोपेवर बोलायचं तर गादी आणि एसी यांच्याआधी शेजारी कोण आहे ते महत्त्वाचं. दहा जणांचा ग्रुप, ब्लूटूथ स्पीकर, रात्रीचे दोन. "फॅमिली रिसॉर्ट" असं पाटीवर असणं वेगळं आणि मालकाने अकरा वाजता येऊन स्पीकर बंद करायला लावणं वेगळं. मी आता सरळ विचारते, त्या तारखेला मोठा ग्रुप आहे का. एसीचं म्हणाल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी नाही, आणि मे महिन्यात त्या दमट हवेत लाइट गेली की काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. जनरेटर आहे का हा प्रश्न तिथे लाखमोलाचा.

आणि माणूस. खाऱ्या हवेने इथे सगळं गंजतं, कड्या, नळ, एसीची बाहेरची युनिटं, त्यामुळे काही ना काही बिघडणारच, प्रश्न एवढाच की तेव्हा कोण येतं. कर्द्याला रात्री अकराला आमच्या खोलीचं कुलूप अडकलं, सासूबाई आत, चावी फिरेना. तिथला केअरटेकर मुलगा, विशीचाही नसेल, धावत आला, चावीला खोबरेल तेल लावून हळूहळू खेळवत राहिला आणि मधूनमधून दाराला तोंड लावून "आज्जी, घाबरू नका हां, दोन मिनिटं" असं सांगत होता. सासूबाई अजून त्याची चौकशी करतात. दुसरीकडे याच्या तिप्पट भाडं असलेल्या ठिकाणी बाथरूमचं पाणी तुंबलं तर रिसेप्शनचा फोन नुसता वाजत राहिला, मालक मुंबईला, मॅनेजर सुट्टीवर, आणि सकाळी बिलात सर्व्हिस चार्ज. म्हणून बुकिंगच्या आधी मी एक फोन मुद्दाम रात्री साडेनऊनंतर करते, कोण उचलतं ते बघायला.

पैशांचं पटकन. शनिवारचा दर मंगळवारच्या जवळजवळ दुप्पट असतो, माणशी पॅकेज असेल तर त्यात दोन चहा, नाश्ता आणि दोन जेवणं धरलीयत का आणि मासे वेगळे लावतात का ते आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या हिशोबाने टॅक्स लावला असेल तर विचारायला लाजू नका. ड्रायव्हर सोबत असेल तर त्याची झोपायची सोय काय हे विचारा, काही ठिकाणी त्याला गाडीत झोपायला सांगतात, रात्रभर डास खाऊन दुसऱ्या दिवशी घाटात तोच गाडी चालवणार असतो.

आता परत कुठे जाईन म्हणाल तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर दिवेआगरच्या काकूंकडे, तळमजल्याची खोली सांगून. फक्त आम्ही दोघं असू तर गुहागर, लांब पडतं, पण किनारा लांबलचक आणि गावाला लागूनच, आणि दाभोळची फेरी पकडून गाडीसकट खाडी ओलांडायला मला आवडतं. मित्रांच्या ग्रुपला काशीद-मुरुड ठीक आहे, त्यांना तसंही झोपायचं नसतं. नणंदेचा ऑक्टोबरसाठी मेसेज येऊन पडलाय, पूल हवा म्हणते, मी तिला आधी तिथी विचारलीय.