उबुंटू २४.०४ वर जुने सी, सी++ आणि फोर्ट्रान प्रोग्रॅम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २०.०४ आणि २२.०४ या आवृत्त्यांवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारे, घरीच कंपाइल केलेले प्रोग्रॅम २४.०४ वर आणल्यावर कोसळतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. अशा बऱ्याच प्रोग्रॅमांवर गेले काही महिने जीडीबी (प्रोग्रॅमच्या आत बघू देणारा डीबगर), कोअरडंपसीटीएल (क्रॅशच्या नोंदी दाखवणारं), व्हॅलग्राइंड आणि ॲड्रेस सॅनिटायझर (दोन्ही मेमरीच्या चुका पकडणारी) ही चार साधनं वापरून झाल्यावर मत पक्कं झालं आहे : अपग्रेडने खरोखर मोडलेले प्रोग्रॅम थोडे. बाकीच्यांत चूक आधीपासूनच होती, फक्त जुन्या सिस्टिमवर तिला बाहेर पडायला वाट मिळत नव्हती. ही चूक शोधण्यासाठी २४.०४ ही आधीच्या दोन्हींपेक्षा चांगली जागा आहे. मात्र तिच्यातल्या एक-दोन मूळ सेटिंग्जमुळे सुरुवातीलाच वाट चुकते, त्या आधी बदलाव्या लागतात.

कोड उघडण्याआधी प्रोग्रॅम नेमका कसा मेला ते बघा. तो संपल्यावर लगेच टर्मिनलवर ‘एको $?’ दिलं की आकडा मिळतो. १२७ आला तर तो सुरूच झाला नाही, बहुधा लायब्ररी सापडली नाही. १३४ म्हणजे ॲबॉर्ट, म्हणजे जीलिबसीने (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) किंवा प्रोग्रॅमने स्वतःच हात वर केले. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (सेगफॉल्ट), म्हणजे परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला. १३२ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना; एका मशीनवर ‘-मार्च=नेटिव्ह’ लावून बांधलेली बायनरी दुसऱ्या जुन्या मशीनवर नेली की हमखास येतो. १२७ सोडून बाकीचे आकडे १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असे बनतात. या चौघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि लोकांचा निम्मा वेळ १२७ वर १३९ चा उपाय करण्यात जातो.

१२७ चं प्रकरण सोपं. बायनरीला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारं ‘एलडीडी’ चालवा, ‘नॉट फाउंड’ लिहिलेल्या ओळी बघा. २०.०४ वरून आलेल्या बायनरीत बहुतेक वेळा लिब-एसएसएल १.१ सापडत नाही, कारण २२.०४ पासून ओपनएसएसएल ३.० आहे. लिब-टिनफो ५ सुद्धा २४.०४ च्या भांडारात नाही. इथे नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारं नाव) देण्याचा सल्ला फिरत असतो. तो पाळू नका. जुनी बायनरी ‘ओपनएसएसएल_१_१_०’ अशी आवृत्तीची खूण मागते, नव्या फाइलमध्ये ती नसते, आणि लोडर (लायब्रऱ्या शोधून चढवणारा भाग) तिथेच थांबतो. ज्या लायब्ररीत अशी खूण नसते तिथे परिस्थिती आणखी वाईट : प्रोग्रॅम सुरू होतो आणि बदललेल्या स्ट्रक्चरमुळे मध्येच कुठेतरी कोसळतो. जुन्या १.१ चं डेब पॅकेज सिस्टिमवर टाकणंही बरं नाही, त्या आवृत्तीचा मूळ प्रकल्पाकडून मिळणारा आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला आहे. कोड हाताशी असेल तर ३.० वर पुन्हा कंपाइल करा. एलडीडी सगळं ठीक म्हणत असूनही अडचण असेल तर ‘एलडीडी -आर’ द्या, गायब सिम्बॉलही दिसतात. लोडर कुठल्या फोल्डरात काय शोधतोय हे ‘एलडी_डीबग=लिब्ज’ सांगतो. जुना मार्ग ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये राहून गेल्यामुळे चुकीची लायब्ररी उचलली जाते, हे इथेच उघडं पडतं.

आता १३४ आणि १३९. यासाठी कोअर डंप (प्रोग्रॅम मेला त्या क्षणाची मेमरीची प्रत) हवा, आणि पहिली नाराजी इथेच आहे. उबुंटूत क्रॅश ॲपोर्ट या क्रॅश नोंदवणाऱ्या सेवेकडे जातो. तो पॅकेजमधून न आलेल्या प्रोग्रॅमकडे लक्षच देत नाही, फक्त स्वतःच्या लॉगमध्ये ‘हा कुठल्याही पॅकेजचा नाही’ अशा अर्थाची ओळ टाकतो. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांनाच काही मिळत नाही. ‘सिस्टिमडी-कोअरडंप’ हे पॅकेज बसवलं की ते काम त्याच्याकडे जातं. यादीत क्रॅशची नोंद दिसूनही कोअरच्या रकान्यात ‘नन’ असेल, तर त्याच टर्मिनलवर आधी ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’ देऊन पुन्हा चालवून बघा. असा प्रोग्रॅम सिस्टिमडीची सेवा म्हणून चालत असेल तर युनिट फाइलमध्ये ‘लिमिटकोअर=इन्फिनिटी’ लिहा. मग ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ आणि ‘कोअरडंपसीटीएल जीडीबी’. कोअर ‘/व्हार/लिब/सिस्टिमडी/कोअरडंप’ मध्ये दाबून ठेवलेले असतात आणि काही काळाने आपोआप पुसले जातात. महत्त्वाचा कोअर लगेच दुसरीकडे काढून ठेवा.

कोअर मिळण्याआधीही कर्नलच्या लॉगमधली एक ओळ बरंच सांगते. ‘डीमेसेज’ला आता सुडो लागतं. सेगफॉल्टच्या ओळीत ‘एरर’नंतरचा आकडा बघा. ४ म्हणजे नकाशात नसलेल्या जागेवरून वाचण्याचा प्रयत्न, ६ म्हणजे तशाच जागेवर लिहिण्याचा. ७ म्हणजे जागा आहे पण लिहायची परवानगी नाही. स्ट्रिंग लिटरल बदलायला गेलं की हाच येतो. १४ किंवा १५ असेल तर प्रोग्रॅम डेटाच्या किंवा भलत्याच पत्त्यावर सूचना म्हणून उडी मारतोय, म्हणजे बिघडलेला फंक्शन पॉइंटर किंवा तुडवलेला स्टॅक.

जीडीबीचा अनुभव २४.०४ वर मनापासून आवडला. डीबगइन्फोडी (डीबग माहिती पुरवणारी नेटवरची सेवा) चालू करू का असं विचारल्यावर होकार दिला की जीलिबसीसकट सिस्टिमच्या लायब्रऱ्यांची डीबग माहिती तो स्वतः उतरवतो. आधीसारखी वेगवेगळी पॅकेजं शोधावी लागत नाहीत. शिवाय २४.०४ च्या ६४ बिट पॅकेजांत फ्रेम पॉइंटर ठेवलेले असल्याने परफसारखी वेग मोजणारी साधनंही नीट कॉलस्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) दाखवतात. स्वतःचा प्रोग्रॅम ‘-जी -ओजी’ लावून बांधा, ‘बीटी फुल’ द्या, आणि वरून खाली येताना आपल्या स्वतःच्या फाइलची पहिली फ्रेम (त्या साखळीतली पायरी) गाठा. चूक मेमकॉपीत (मेमरी नकलणारं लायब्ररीचं फंक्शन) दिसली म्हणून मेमकॉपीत नसते. एक खबरदारी : जीडीबीतून प्रोग्रॅम चालवताना पत्त्यांची सरमिसळ (दर वेळी मेमरीचे पत्ते बदलणं) बंद असते. बाहेर कोसळणारा प्रोग्रॅम आत बिनदिक्कत चालला तर ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ देऊन पुन्हा चालवा.

शोध सुरू करण्याआधी सगळं मुळापासून पुन्हा बांधा, हे वेगळं सांगायलाच हवं. जुन्या ऑब्जेक्ट फाइल आणि नवी हेडर यांची खिचडी हे अपग्रेडनंतरच्या विचित्र क्रॅशचं फार मोठं कारण आहे. मेकफाइलमध्ये अवलंबित्व काढायला ‘-एमएमडी’ असतं. ते सिस्टिमची हेडर मोजतच नाही. त्यामुळे अपग्रेडने लायब्ररीचं हेडर बदललं तरी मेकला काही बदललंय असं वाटत नाही, आणि एका फाइलच्या मते स्ट्रक्चर जुन्या आकाराचं राहतं तर दुसरीच्या मते नव्या. ‘-एमडी’ वापरलं तर सिस्टिम हेडरही धरली जातात. सीमेक हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांनी पूर्ण बिल्ड फोल्डर काढून टाकावं, त्याच्या कॅशमध्ये जुने मार्ग चिकटून बसतात.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. सी मध्ये पॉइंटर परत देणारं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि इथे त्याचा प्रोटोटाइपच (आधी दिलेली घोषणा) नाही. ‘-एसटीडी=सी९९’ लावून स्ट्रडप हे स्ट्रिंगची प्रत देणारं फंक्शन वापरलं तरी हेच घडतं, कारण त्या मोडमध्ये हेडर त्याची घोषणा लपवतं. कंपायलर मग ते फंक्शन इंट देतं असं धरतो आणि ६४ बिटांच्या पत्त्यातले खालचे ३२ बिटच उरतात. उबुंटू १६.०४ पर्यंत बायनरी ठरलेल्या, कमी पत्त्यावर चढायची. तिच्या मागे येणारा हीपही (चालताना मागितलेली मेमरी) सहसा ३२ बिटांत मावायचा, म्हणून कापलेला पत्ता योगायोगाने बरोबर निघायचा. १६.१० पासून पाय पद्धतीची (कुठल्याही पत्त्यावर चढू शकणारी) बायनरी हे मूळ सेटिंग झालं आणि हीप ५५ ने सुरू होणाऱ्या उंच पत्त्यांवर गेला. समजा खरा पत्ता ५५५५८०३४१२६० आहे. जीडीबीत तो आठ ‘एफ’ आणि पुढे ८०३४१२६० असा दिसेल, कारण ३२ वा बिट १ असल्याने चिन्ह वरपर्यंत पसरतं. तो बिट ० असेल तर वर नुसती शून्यं. असा पत्ता दिसला की दुसरं काही शोधू नका, कंपायलरच्या इशाऱ्यांत ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ शोधा. जीसीसी १३ मध्ये तो फक्त इशारा आहे, हजार ओळींच्या आउटपुटमध्ये हरवतो. ‘-डब्ल्यूएरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन’ लावून त्याला कंपाइल थांबवणारी चूक ठरवा; जीसीसी १४ पासून ती आपोआप चूकच आहे.

याच ठिकाणी ‘-नो-पाय’ लावून पाहा असा सल्ला मिळतो आणि क्रॅश खरंच थांबतो. थांबला म्हणजे निदान पक्कं झालं, एवढाच त्याचा अर्थ. मॅलॉकने (मेमरी मागणारं फंक्शन) एकदा १२८ केबीच्या वरचा तुकडा मागितला की तो एममॅपमधून, म्हणजे थेट कर्नलकडून, त्याहून उंच पत्त्यावरून येतो आणि तोच प्रोग्रॅम पुन्हा कोसळतो. लहान चाचणीत चालतो, मोठ्या फाइलवर मरतो, अशी लक्षणं दिसतात ती यामुळे.

१३४ बरोबर ‘बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड’ असं आलं तर ते फोर्टिफायचं, म्हणजे कंपायलरने घातलेल्या बफर तपासणीचं, काम. २४.०४ च्या जीसीसीत त्याची पातळी २ वरून ३ झाली आहे. पातळी २ ला बफरचा आकार कंपाइल करतानाच माहीत असावा लागायचा. पातळी ३ चालताना ठरलेला आकारही धरते, उदाहरणार्थ हिशोब करून मागितलेला मॅलॉक. फक्त नव्याने कंपाइल केल्यावर हे लागू होतं, जुन्या बायनरीवर नाही. मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमांत ही चूक विशेष सापडते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजून. ‘महाराष्ट्र’ हा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. ‘पिंपरी-चिंचवड’ ३७ बाइट, शेवटचा शून्य धरून ३८. अक्षरं मोजून ३२ बाइटचं बफर घेतलं असेल तर पहिलं नाव मावतं, दुसरं शेजारच्या मेमरीत सांडतं. जुन्या सिस्टिमवर ते सांडणं कुणाला कळलं नाही इतकंच. फोर्टिफायची पातळी खाली आणून हा संदेश बंद करता येतो. मला ते अजिबात मान्य नाही. बफर मोठं करा आणि लांबी बाइटमध्ये मोजा.

‘फ्री(): डबल फ्री डिटेक्टेड इन टीकॅश २’ किंवा ‘इनव्हॅलिड पॉइंटर’ असे संदेश हे जीलिबसीच्या हीपची तक्रार. इथे एक जुनी सवय दगा देते. ‘मॅलॉक_चेक_’ हा पर्यावरण चल जीलिबसी २.३४ पासून एकटा काहीच करत नाही, ‘एलडी_प्रीलोड’मध्ये ‘लिबसी_मॅलॉक_डीबग.एसओ.०’ दिल्याशिवाय तपासणी होत नाही. २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९ असल्याने दोन्हीकडे हे लागू. तपासणी झाली, काही सापडलं नाही, असं समजून पुढे गेलेले खूपजण दिसतात.

व्हॅलग्राइंड की ॲड्रेस सॅनिटायझर? दोन्ही ठेवा, पण एका बायनरीवर एकत्र नको, ते जमत नाही. सॅनिटायझर साधारण दुपटीच्या आसपास वेळ घेतो आणि स्टॅकवरच्या ॲरेची हद्द ओलांडली तरी नेमकी ओळ दाखवतो. रोजच्या कामाला हाच. व्हॅलग्राइंड दहा ते पन्नासपट हळू, पण मूल्य न दिलेली मेमरी वाचली तर तोच सांगतो, सॅनिटायझर नाही. ‘-जी’ने बांधून ‘--ट्रॅक-ओरिजिन्स=यस’ द्या. नव्या कर्नलवर पत्त्यांच्या सरमिसळीचे बिट २८ वरून ३२ झाले आहेत, त्यामुळे जुन्या कंपायलरने बांधलेला सॅनिटायझर कधी कधी ‘डेडलीसिग्नल’ हा शब्द ओळीवर ओळ छापत बसतो. दोष तुमच्या कोडचा नसतो. सिसकंट्रोलमधून ‘व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स’ तात्पुरतं २८ करा, काम झालं की परत ३२.

फोर्ट्रानवाल्यांसाठी थोडक्यात. सबरुटीनच्या पहिल्याच ओळीवर सेगफॉल्ट असेल तर बहुधा स्टॅक (फंक्शनच्या स्थानिक चलांची मेमरी) संपला आहे. मूळ मर्यादा ८१९२ केबी. ८ बाइटच्या वास्तव संख्यांचा १०२४ बाय १०२४ चा एकच ॲरे ती पूर्ण खातो. प्रोग्रॅम अनेक धाग्यांवर (थ्रेड) चालवणाऱ्या ओपनएमपीसाठी ‘-फोपनएमपी’ लावलं की सगळे स्थानिक ॲरे स्टॅकवर जातात, म्हणून एका धाग्यावर चालणारा प्रोग्रॅम ओपनएमपी लावताच मरतो. मुख्य धाग्यासाठी ‘युलिमिट -एस’, बाकीच्यांसाठी ‘ओएमपी_स्टॅकसाइझ’. मोठे ॲरे ‘ॲलोकेटेबल’ करणं हा खरा उपाय. चाचणीत ‘-फचेक=ऑल -फबॅकट्रेस’ नेहमी असू द्या.

कोडच उपलब्ध नसलेल्या बायनरीसाठी २०.०४ चा कंटेनर (आत वेगळी जुनी सिस्टिम असलेली बंदिस्त जागा) हाच एक सरळ मार्ग उरतो. कंटेनर चालवणाऱ्या पॉडमनमध्ये उबुंटू २०.०४ ची प्रतिमा घ्या, बायनरी आणि डेटाचं फोल्डर आत जोडा, ‘--नेटवर्क=नन’ देऊन नेटवर्क बंद ठेवा, कारण त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार २०२५ मध्ये संपला आहे. बायनरी ३२ बिट असेल तर फाइल समोर दिसत असूनही ‘नो सच फाइल’ असा संदेश येतो. सापडत नाही तो ३२ बिटचा लोडर. त्यासाठी डीपीकेजीमध्ये आय३८६ आर्किटेक्चर जोडून, एपीटी अपडेट करून ‘लिबसी६:आय३८६’ बसवा.