सेकंडहँड फिफ्थ व्हील कॅम्पर: टेक्सासचा एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

सेकंडहँड कॅम्पर, म्हणजे ट्रकने ओढायचं चाकांवरचं घर, घेताना काय बघायचं ते डॅलसच्या आसपासचे बरेच जण विचारत होते म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमचा कॅम्पर 2017 चा, साधारण 32 फुटी, दोन स्लाइडवाला (स्लाइड म्हणजे उभा केल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग), एका रिटायर्ड जोडप्याकडून घेतलेला. एकंदर खूश आहोत. पण घ्यायला जाणारी माणसं आत शिरल्या शिरल्या रिक्लायनर, किचन आयलंड आणि ती भिंतीतली खोटी शेकोटी बघून तिथेच विरघळतात, आणि बघायचं असतं ते छतावर, चाकांवर आणि स्वतःच्या ट्रकच्या दारावर.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: साधा ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या मागे बॉलला अडकवतात, फिफ्थ व्हीलची पुढची मान ट्रकच्या हौद्यात येते आणि तिचा किंगपिन, म्हणजे खाली आलेला जाड खुंटा, हौद्यात बसवलेल्या हिचमध्ये (जोडणीच्या पकडीत) लॉक होतो. भार मागच्या ॲक्सलच्या वर किंवा जरा पुढे पडतो, त्यामुळे आय-35 हायवेवर शेजारून अठरा चाकी ट्रक सुसाट गेला तरी शेपूट डुलत नाही. हा फायदा खरा आहे, जाहिरातबाजी नाही. नवरा आणि मी दोघं आलटून पालटून चालवतो आणि मला तर साध्या ट्रेलरपेक्षा हाच सोपा वाटतो, फक्त वळताना ट्रेलर आतला कोपरा कापतो म्हणून वळण मोठं घ्यायचं.

आता वजन. इथे सगळ्यांची गफलत होते. हाफ टन ट्रकच्या (पिकअप ट्रकचे हाफ टन, थ्री क्वार्टर टन, वन टन असे चढते वर्ग असतात) जाहिरातीत 11,000 पाउंड ओढतो असं ठळक लिहिलेलं असतं आणि लोक ट्रेलरचं ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन, बघून म्हणतात अरे बसतंय की. पण फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, पिनवरून सरळ ट्रकवर येतो. आमच्या कॅम्परचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामानसुमान पाणी सगळं धरून कमाल वजन, 11,200. त्याचे 20 टक्के 2,240. हिच स्वतः दीडशेच्या आसपास, आम्ही चौघं मिळून पाचशे. झाले की 2,890. ट्रकच्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं, तो तुमचा खरा आकडा. बऱ्याच हाफ टन ट्रकवर तो दोन हजाराच्या आतच असतो. थ्री क्वार्टर टन डिझेलवरसुद्धा कधी कधी आश्चर्य वाटावं इतका कमी असतो कारण डिझेल इंजिनच जड. म्हणून आम्ही आधी वन टन पेट्रोल ट्रक घेतला आणि मग कॅम्पर शोधला, त्याच क्रमाने करा. आणि ड्राय वेट विसरून जा, त्यात बॅटरी नाही, पाणी नाही, तुमचा कुकर नाही. हौदा साडेसहा फुटी किंवा त्याहून छोटा असेल तर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला लागू शकतो, तेव्हा वळताना मागे सरकणाऱ्या स्लायडिंग हिचचा खर्च धरून चाला.

लायसन्सचंही विचारतात. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलर मिळून रेटिंग 26,001 पाउंड किंवा वर गेलं आणि ट्रेलर 10,000 च्या वर असला तर क्लास ए लागतं, कमर्शियल नसलं तरी. आमचं त्याच्या खाली बसतं.

पाणी हा दुसरा विषय आणि खरं तर हाच सौदा ठरवणारा. या कॅम्परच्या भिंती म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, खाली प्लायवूड, आत फोम, सगळं गोंदाने चिकटवलेलं. कुठून तरी पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि पत्रा फुगतो, याला डीलॅमिनेशन म्हणतात आणि त्याची दुरुस्ती बहुतेकदा कॅम्परच्या किमतीला परवडत नाही. समोरून बघून काही कळत नाही. संध्याकाळी जा, टॉर्च भिंतीला टेकवून आडवा प्रकाश टाका, फुगवटा असेल तर लगेच सावली पडते. आम्ही आमच्या आधी एक बघितला होता, फोटोत नवाकोरा, उजेड आडवा पडला तर पुढच्या खिडकीखाली हातभर पोळीसारखा फुगलेला. मालक म्हणाला ऊन लागून होतं तसं. बरं म्हटलं आणि निघालो.

आतून काय करायचं, तर प्रत्येक कप्पा उघडायचा, पलंगाच्या वरच्या कपाटांचे कोपरे, स्लाइडचे खालचे कोपरे, शॉवरच्या बाहेरची जमीन, सगळीकडे बोटांनी दाबायचं आणि पायाने चाचपायचं. तीस-चाळीस डॉलरचं मॉइश्चर मीटर मिळतं ते न्या. स्टेपलच्या पिना गंजून त्याभोवती तपकिरी डाग आले असतील तर पाणी येऊन गेलंय. आणि आत शिरताच एअर फ्रेशनरचा भपकारा आला तर सावध व्हा. आमच्याच कॅम्परमध्ये मागच्या स्लाइडच्या कोपऱ्यात विनाइलखाली बशीएवढी जागा मऊ लागली होती, मालकांना दाखवली, त्यांनी कुरकुर न करता किंमत कमी केली, नवऱ्याने तेवढाच प्लायवूडचा तुकडा बदलला आणि सील नवीन लावलं, तेव्हापासून कोरडं आहे.

छतावर चढाच. रबरी छत असतं, ईपीडीएम किंवा टीपीओ, आणि व्हेंट, एसी, अँटेना यांच्या कडेने सेल्फ लेव्हलिंग सीलंट असतं. ते भेगाळलंय का, जुन्यावर नुसतं ताजं थापलंय का ते बघायचं. दुसरी गोष्ट असेल तर का थापलं ते विचारायचं, कारण विक्रीच्या आदल्या आठवड्यात अचानक कुणाला छताचं प्रेम येत नाही.

टायर. खाचा बघू नका, तारीख बघा. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर चालून कमी आणि उन्हात उभे राहून जास्त मरतात, पाच-सहा वर्षं झाली की खाचा कोऱ्या दिसल्या तरी बदलायचे. आमचे बदललेच, चारही, घरी आणायच्या आधी. हायवेवर टायर फुटला तर तो नुसता फुटत नाही, चाकाच्या वरचा पत्रा, वायर, कधी पाइपसुद्धा ओरबाडून नेतो. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते विचारा, वर्षातून एकदा बघायचं असतं.

मालकाला आदल्या रात्रीच फोन करून फ्रीज चालू करून ठेवायला सांगा. हे गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारे ॲब्सॉर्प्शन फ्रीज थंड व्हायला तासन् तास घेतात, ऐनवेळी लावून काही कळणार नाही. पाणी आणि वीज जोडूनच बघा, स्लाइड दोन-तीनदा आतबाहेर करा, गीझर गॅसवर आणि विजेवर वेगवेगळा चालवा, टाक्या भरून खाली ठिबकतंय का बघा. जमत नसेल तर अशा कॅम्परची तपासणी करणारे सर्टिफाइड आरव्ही इन्स्पेक्टर मिळतात, काही शे डॉलर जातात पण वसूल होतात. टायटल (मालकीचा कागद) मालकाच्या नावावर आहे ना, लोन फिटलंय ना, रिकॉल (दोष निघाल्याने कंपनीने दुरुस्तीला बोलावलेलं) आहेत का, हे त्याच दिवशी. ह्यूस्टनकडचा असेल तर 2017 च्या हार्वे वादळात बुडालेला नाही ना, फ्रेमच्या आतल्या बाजूला आणि कप्प्यांच्या तळाला सुकलेला गाळ शोधा.

आता राहतानाचं. टेक्सासच्या जुलैत एक एसी पुरत नाही, 15,000 बीटीयूचा असला तरी दुपारी चारला आत 85 फॅरनहाइट. आमच्या कॅम्परचं वीज कनेक्शन 50 अँपियरचं, बेडरूममध्ये दुसऱ्या एसीचं वायरिंग आधीच होतं म्हणून बसवता आला. 30 अँपियर म्हणजे सगळं मिळून 3,600 वॉट, एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावला आणि वर गीझर विजेवर असला की ब्रेकर पडलाच, त्यामुळे आपल्या भागात 50 च घ्या.

स्वयंपाक मस्त होतो पण फोडणीच्या आधी छतावरचा पंखा लावायचा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म बोंबलतो आणि शेजारचे काका कॉफीचा मग घेऊन बघायला येतात. डाळ-आमटीची भांडी आधी पेपर टॉवेलने पुसून मग धुवायची, ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीत) तेल आणि भात गेला की उन्हाळ्यात जो वास सुटतो तो मी लिहीत नाही. ब्लॅक टँकचा, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचा, व्हॉल्व सांडपाण्याचं हुकअप (जोडणी) असलं तरी बंदच ठेवायचा, भरला की एकदम सोडायचा, नाहीतर पाणी वाहून जातं आणि बाकीचं आतच साठतं. टॉयलेटला हँड स्प्रेअर होताच, आई त्यावर सगळ्यात खूश.

आईबाबा येणार असतील तर अजून एक बघा. फिफ्थ व्हीलची बेडरूम पुढे वरच्या बाजूला असते, आत दोन-तीन पायऱ्या असतात, बाहेरच्या वेगळ्या. आईच्या गुडघ्यांना रात्री बाथरूमला उठताना त्याचा त्रास झाला, शेवटी आईबाबा खाली सोफाबेडवर आणि आम्ही वर. फ्लोअर प्लॅनमध्ये बाथरूम खाली असलेला मिळाला तर उत्तम.

आणि ठेवायचा कुठे ते आधी ठरवा. एचओए (वसाहतीची घरमालक संघटना) ड्राइव्हवेत ठेवू देत नाही, स्टोरेज लॉटचं भाडं दर महिन्याला, छप्पर असलेला लॉट महाग पण टेक्सासच्या उन्हात रबराचं छत वाचतं म्हणून आम्ही तोच घेतला. उंचीही मोजून ट्रकमध्ये चिकटवून ठेवा, आमची एसी धरून तेरा फुटांच्या जरा खाली भरते, जुन्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली शिरताना त्याच आकड्याचा उपयोग होतो. बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात चिसोस बेसिनच्या रस्त्यावर 20 फुटांपेक्षा लांब ट्रेलर नेऊ नका असं पार्कच सांगतं, पॅलो ड्युरोच्या दरीत खाली उतरताना 10 टक्के उतार आहे, तिथे लो गिअर लावून हळू उतरलो, काही झालं नाही. पण राष्ट्रीय उद्यानांच्या आतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्येच राहायचं असं डोक्यात असेल तर 32 फूट बऱ्याच ठिकाणी बसत नाही, तुम्ही पंचवीस फुटांच्या आसपासचा बघा, आतमध्ये कपाटं कमी मिळतील.