जुन्या सिल्व्हेराडोच्या गिअरबॉक्ससाठी ओबीडीलिंक एमएक्स प्लस: पैसे वसूल, पण अर्धंच काम

1999 ते 2006 मधल्या शेव्हरले सिल्व्हेराडो 1500 मध्ये बहुतेक वेळा 4एल60ई हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. गाडी जुनी झाली की तो झटके देतो, सटकतो, आणि गॅरेजवाला थेट रीबिल्डचा आकडा सांगतो. तो आकडा मान्य करण्याआधी घरच्या घरी तपासणी करायची असेल, तर ओबीडीलिंक एमएक्स प्लस, म्हणजे गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला लावून काँप्युटरची माहिती फोनवर दाखवणारा ब्लूटूथ अडॅप्टर, कामाचा आहे.

किंमत दीडशे डॉलरच्या आतबाहेर. बाजारात याच्या दहाव्या हिश्शात अडॅप्टर मिळतात, मग हाच का? कारण या गाड्या जे1850 व्हीपीडब्ल्यू या जुन्या प्रोटोकॉलवर बोलतात आणि अनेक स्वस्त नकली अडॅप्टरांना तो नीट येतच नाही. एमएक्स प्लसला येतो. आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्हींशी जुळतो. गाडी बंद झाली की स्वतः झोपतो, त्यामुळे पोर्टमध्येच राहिला तरी बॅटरी उतरायची धास्ती नाही.

गिअरबॉक्स ऑइलचं तापमान सर्वसाधारण यादीत दिसलं नाही तर टॉर्क प्रो ॲपमध्ये नवीन पीआयडी (काँप्युटरकडे ठरावीक माहिती मागणारा क्रमांक) टाका: 221940, हेडर 6सी10एफ1, सूत्र ए वजा 40. उत्तर सेल्सिअसमध्ये येतं. 80 ते 95 च्या दरम्यान आल्यावर गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये असताना डिपस्टिक बघा. थंड ऑइलवर घेतलेलं माप कामाचं नाही. पातळी कमी असेल तर पुढची तपासणी भरल्यानंतरच.

आता खरी मेख. स्क्रीनवर जो गिअर दिसतो तो काँप्युटरने दिलेला हुकूम असतो; आत तो गिअर खरंच लागला का, हे अडॅप्टरला कळत नाही. ते आकडेमोड करून काढावं लागतं. ताशी मैलांतला वेग गुणिले 336 गुणिले ॲक्सल रेशो, भागिले टायरचा इंचातला व्यास: उत्तर म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्समधून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचे) आरपीएम. ॲक्सल रेशो ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवर कोडच्या रूपात असतो: जीयू6 म्हणजे 3.42, जीटी4 म्हणजे 3.73, जीटी5 म्हणजे 4.10. 3.73 आणि साडेतीस इंची टायर धरला तर 60 मैलांना प्रॉपेलर शाफ्ट 2465 च्या आसपास फिरतो. चौथ्याचा रेशो 0.70, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलच्या साहाय्याने जोडणारा भाग) लॉक असताना इंजिन 1725 ला हवं. 1950 दिसत असेल तर काहीतरी घसरतंय. वेग कायम ठेवून ब्रेकला नुसता पाय लावा. कन्व्हर्टर लॉक असेल तर तो सुटतो आणि आरपीएम वर उडी मारतं. उडी नाही म्हणजे लॉक धरलाच नव्हता.

पी1870 हा घसरण्याचा बिघाड-कोड आला तर सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा व्हाल्व्ह) मागवायची घाई नको. कन्व्हर्टर घसरतोय असं दिसलं की काँप्युटर लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा मुख्य दाब) पूर्ण वाढवतो, त्यामुळे पहिल्यावरून दुसऱ्याला लाथ बसते. लाथ हा परिणाम; मूळ बहुधा व्हाल्व्ह बॉडीत (ऑइलची वाट ठरवणाऱ्या भागात), टीसीसी म्हणजे कन्व्हर्टरच्या लॉक क्लचच्या रेग्युलेटर व्हाल्व्हचं भोक झिजलेलं. पी0753 किंवा पी0758 मात्र विजेचे कोड. तिथे मल्टिमीटर लावा: शिफ्ट सोलेनॉइड थंड असताना 20 ओमच्या आसपास, प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड 4 च्या आसपास. सोलेनॉइड ॲपमधून चालू-बंद करून बघायची सोय इथे नाही. त्याला जीएमच्या (शेव्हरलेच्या मूळ कंपनीच्या) टेक 2 सारखं स्कॅन यंत्र लागतं.

उरलेलं अर्धं काम 300 पीएसआयच्या साध्या प्रेशर गेजचं. डाव्या बाजूला केसवर एक अष्टमांश इंची एनपीटी प्लग आहे, तो काढून गेज लावायचा. गरम ऑइल, आयडल, पार्क: 55 ते 65 पीएसआय ठीक. रिव्हर्समध्ये दाब स्पष्ट वाढायला हवा. न वाढल्यास आधी बूस्ट व्हाल्व्हवर (दाब वाढवणाऱ्या व्हाल्व्हवर) संशय घ्या. सगळ्याच गिअरांत कमी असेल तर फिल्टरचं सील किंवा पंप.

एका बिघाडाला यातलं काहीच लागत नाही: पहिला आणि तिसरा ठीक, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गायब. तो सन शेल, म्हणजे आतल्या गिअरला फिरवणारं पत्र्याचं कवच, तुटलेला. आणि दाब, कोड, वायरिंग सगळं बरोबर असूनही तिसऱ्यात-चौथ्यात आरपीएम पळत असेल तर तळाचा ऑइल पॅन उतरवा, पाचेक क्वार्ट ऑइल निघेल. तळाला काळा, जळका गाळ जाड बसला असेल तर 3-4 क्लच (तिसरा-चौथा गिअर धरणारे) गेलेत. मग गिअरबॉक्स खाली घ्यायचाच, आणि तिथे अडॅप्टर, गेज दोन्ही हात टेकतात. गाळ पातळ, राखाडी आणि थोडाच असेल तर नवा फिल्टर आणि सील घालून पॅन बसवा. सोळा बोल्ट, प्रत्येकी 11 न्यूटन-मीटर, त्याहून जास्त आवळलात तर गॅस्केट दबून गळती ठरलेली.