मोबाईल बूस्टरच्या नावाखाली आमच्या कॉम्प्लेक्सचे १,६५,२०० रुपये गेले, गाळेधारकांनी जरूर वाचा

काल मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर मोबाईलची रेंज वाढवणाऱ्या बूस्टरचं एक कोटेशन पाठवलं आणि विचारलं, ताई तुमच्याकडे पण असंच काहीतरी बसवलं होतं ना, आम्ही घ्यावं का? पीडीएफ उघडली आणि माझे हातपायच गार पडले. तोच मजकूर, तेच फोटो, तेच ‘सर्टिफिकेट’, फक्त कंपनीचं नाव बदललेलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझं नाशिकला मॅचिंग सेंटर आहे, कॉम्प्लेक्सच्या लोअर ग्राउंडला. एकूण २८ गाळे, त्यातले ११ खाली, आणि असोसिएशनची खजिनदार मीच. खाली रेंज आधीपासून कमीच होती, पण समोरून एसीपीची पॅनलं आणि कोटिंगवाली काच लावून बिल्डिंग नवी केली तेव्हापासून ती जवळजवळ गेलीच. एसीपीत ॲल्युमिनियमचा पत्रा असतो आणि त्या काचेवर धातूचा पातळ थर, दोन्ही मोबाईलच्या लहरी अडवतात, हे आम्हाला पैसे गेल्यावर समजलं. त्रास काय होता ते सांगते, म्हणजे आम्ही घाई का केली ते कळेल. गिऱ्हाईक अस्तर, फॉल असं २३० रुपयांचं सामान घेणार, क्यूआर स्कॅन करणार, गोल गोल फिरत बसणार, मग फोन हातात धरून जिन्यात जाणार, तिथून पैसे पाठवून परत खाली येणार, आणि तरी आपला साउंडबॉक्स गप्प, कारण त्याच्यातल्या सिमलाही रेंज नाही. सणासुदीला दुकानात बारा बायका उभ्या असताना हे परवडत नाही हो. समोरच्या पॅथॉलॉजीवाल्या मॅडमना तर पेशंटचे फोनच लागायचे नाहीत.

अशात तो माणूस आला. नीट बोलणारा, लॅपटॉप, गळ्यात आयकार्ड, मराठी आपल्याकडचीच. म्हणाला मॅडम, हेच काम मोबाईल कंपनीकडून करून घ्यायचं म्हटलं तर दहा लाखांच्या खाली होत नाही, मी छोट्या कॉम्प्लेक्ससाठी स्वस्तातलं करून देतो. दोन लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६,०००. त्यातले ७० टक्के आधी. आम्ही म्हटलं आधी दाखवा, तर त्याने खरंच दाखवलं. गच्चीवर जुन्या टीव्हीसारखा अँटेना धरला, वायर खाली सोडली, एक डबा चालू केला आणि फोनमधल्या ॲपवर मायनस ११४ होतं ते मायनस ८२ झालं. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. सगळ्यांच्या समोर पॅथॉलॉजीतून फोन लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी मी १,६५,२०० एनईएफटी केले. परवानगीचं विचारलं नाही असं नाही, विचारलं होतं, त्याने एक कागद दिला, वर अशोकस्तंभ, दूरसंचार विभागाचं नाव, नंबर, सगळं. आम्ही तो फाईलला लावला.

काम दोन दिवसांत झालं. खाली छताला सहा पांढरे छोटे घुमट, म्हणजे आतले अँटेना, आणि गच्चीत वरचा अँटेना. पहिले दहा-बारा दिवस खरंच उत्तम चाललं, हे मी लपवणार नाही. मग फोनवर आपल्याला समोरचा ऐकू यायचा पण आपला आवाज तिकडे जाईना, कॉल मधेच तुटायला लागले. आणि एक दिवस मागच्या गल्लीतले डॉक्टर विचारत आले की तुम्ही काही मशीन लावलंय का, आमच्याकडे आठवडाभर रेंज असून फोन लागत नाहीये. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मोबाईल कंपनीचे इंजिनिअर हातात अँटेना आणि मीटर घेऊन गल्लीगल्लीत शोधत थेट आमच्या गच्चीवर पोचले, आणि नंतर त्यांच्याबरोबर दूरसंचार विभागाचे अधिकारी आले.

त्यातल्या एका साहेबांनी शांतपणे समजावलं. मंगल कार्यालयात माइक स्पीकरच्या समोर नेला की जशी शिट्टी वाजते ना, तसंच वरचा आणि खालचा अँटेना एकमेकांना ‘ऐकायला’ लागले की हा डबा स्वतःच शिट्टी मारतो, आपल्याला ती ऐकू येत नाही पण टॉवरच्या कानात तो गोंगाट जातो आणि त्या टॉवरवरच्या सगळ्या लोकांचे फोन बिघडतात. डॉक्टरांकडचा त्रास आमच्यामुळे होता. एखाद्याला ॲम्ब्युलन्स बोलवायची असती तर, हे मनातून अजून जात नाही.

आणि कायदा असा आहे की मोबाईलचा बूस्टर किंवा रिपीटर परवानाधारक मोबाईल कंपनी सोडून कोणालाच विकता येत नाही, बाळगता येत नाही, वापरता येत नाही. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टपासून विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही दंड आहे, आणि २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने हे जाहीरपणे सांगितलं होतं, ऑनलाइन विकणाऱ्या साइट्सनासुद्धा. म्हणजे विकणारा पळाला तरी गच्चीवर यंत्र आमच्या नावाने उभं. सामान काढून नेलं, आमच्याकडून लेखी घेतलं.

त्या माणसाने दिलेला कागद अधिकाऱ्यांनी बघितला. तो होता ईटीए, म्हणजे वायफायसारख्या विनापरवाना चालणाऱ्या वस्तूंना मिळतो तो दाखला, आणि त्यावरचं मॉडेल कुठल्यातरी २.४ गिगाहर्ट्झच्या राउटरचं होतं. कागद कदाचित खराही असेल, पण आमच्या डब्याचा नव्हताच. डब्यावर ९००, १८००, २१०० मेगाहर्ट्झ असे तीन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, लिहिलेले, पण ५जी बऱ्याच ठिकाणी ३३०० मेगाहर्ट्झच्या वर चालतं, ते या डब्यातून येणार कुठून? आणि त्याने कोटेशनमध्ये ‘५जी रेडी’ ठळक लिहिलं होतं.

त्या माणसाचा फोन बंद. बिलावरच्या पत्त्यावर गेलो तर दुसऱ्याच कोणाचं गोडाऊन. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द, हे पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटांत बघता आलं असतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन दीड महिना झाला होता, खात्यात काही उरलेलं नव्हतं. ही हेल्पलाइन पहिल्या काही तासांतच खरी कामाला येते. ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तर वकील म्हणाले, व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला तिथे ग्राहक धरत नाहीत, पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला सूट आहे पण तुमचं बिल असोसिएशनच्या नावावर. शेवटी पोलिसात लेखी तक्रार दिलीये, अजून तपास चालू आहे.

आता खाली काय केलंय ते पण सांगते, कारण रेंजचा प्रश्न खोटा नव्हता. एक चांगलं ब्रॉडबँड आणि पॅसेजमध्ये तीन वायफायचे ॲक्सेस पॉइंट, सगळं धरून १९ हजारात झालं, ११ गाळ्यांत वाटून घेतलं. आमच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं, म्हणजे रेंज नसली तरी वायफायवरून फोन लागतो, ते सेटिंगमध्ये असतं, आपल्याकडे २०१९-२० पासून आहे आणि जादा पैसे लागत नाहीत. गिऱ्हाईकासाठी वेगळं गेस्ट वायफाय, पासवर्ड काउंटरवर लिहिलाय, यूपीआय लगेच होतं. साउंडबॉक्स वायफायवर चालणारा मागवून घेतला. जुन्या फोनवाल्यांना अजून जिन्यात जावं लागतं, ते खरं. शिवाय सगळ्या मोबाईल कंपन्यांना असोसिएशनच्या लेटरहेडवर अर्ज केले, एकीचा माणूस सर्व्हे करून गेला, बिल्डिंगच्या आत अँटेना बसवायचे की नाही ते आता तेच ठरवतील आणि तेच बसवतील, गच्चीत आणि डक्टमध्ये जागा आणि वीज आम्ही देऊ म्हणून लिहून दिलंय. नवीन गाळा घेणाऱ्यांनी तर ताबा घ्यायच्या आधी शटर ओढून आत उभं राहून सगळ्या कंपन्यांच्या सिमवरून फोन लावून बघा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग द्यायचे नियम केलेत, बिल्डरला त्याबद्दलही विचारा.

कोणी कितीही छान डेमो दाखवला तरी त्याला एकच विचारा, कुठल्या मोबाईल कंपनीने तुला या बिल्डिंगसाठी पाठवलंय, तिचं पत्र दे, आणि ते पत्र त्या कंपनीकडे स्वतः फोन करून खात्री करून घ्या.

मामेबहिणीच्या कॉम्प्लेक्समध्ये तो कोटेशनवाला सोमवारी ॲडव्हान्सचा चेक न्यायला येणार होता. त्यांनी चेक थांबवलाय, आणि आमच्या तक्रारीची प्रत घेऊन आज सकाळी तिचे मिस्टर तिथल्या पोलीस ठाण्यात गेलेत.